सोलापूर टाइप बीट

सोलापुरी चादर लोक अंथरतात, पांघरतात, प्रवासात तिचं बोचकं बांधतात, सत्कारमूर्तीच्या खांद्यावर टाकतात आणि लग्नाच्या आहेरात गावभर फिरवून मूळ मालकाकडे सुखरूप परत आणतात. गेल्या काही वर्षांत तिचा सहावा उपयोग निघालाय. ती दोरीवर टांगायची आणि तिच्या पुढ्यात उभं राहून रॅप करायचा.

यामागे शास्त्र आहे. मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि मूळ आवाजाच्या पाठोपाठ माइकमध्ये घुसतो. मोठ्या शहरांतले स्टुडिओवाले त्यासाठी भिंतींना फोम लावतात. जाड सुती कापडही तेच काम करतं, आणि जाड सुती कापडासाठी सोलापुरात कुणी खिशात हात घालत नाही. ज्याच्या घरी माग नाही, त्याच्या मामाच्या घरी असतो. अडचण एकच. उंच पट्टीतला आवाज चादर पिऊन टाकते, पण खर्जापुढे तिचं काही चालत नाही. मग हा खर्ज जातो कुठे, असा प्रश्न कुणा शास्त्रज्ञाला पडला असेल तर त्यानं रात्री साडेदहाला माझ्या स्वयंपाकघरात यावं. फडताळातली ताटं उत्तर देतील.

आम्ही राहतो पाच्छा पेठेच्या अंगाला. शेजारच्या घराचा तळमजला मागांचा, वरचा मजला माणसांचा आणि गच्चीवरची पत्र्याची खोली हिपहॉपची. खोलीचा ताबा कारखानदारांच्या धाकट्या चिरंजीवांकडे आहे. (सोलापुरात चार यंत्रमाग असले तरी माणसाला कारखानदार म्हणतात, आणि चाराचे दोन झाले तरी पदवी काढून घेत नाहीत.) चिरंजीव इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. दोन विषय राहिलेत; त्यांच्या भाषेत त्या विषयांची रिलीज डेट पुढे गेलीय. ते बीट बनवतात, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत. शब्द आणि तोंड दुसऱ्याचं. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण रेशनकार्डावरच्या नावाला ते ओ देत नाहीत आणि ज्याला ओ देतात ते मला उच्चारता येत नाही. आपण बीटवाला म्हणू.

खोलीत काय काय आहे? शैक्षणिक कर्जातून आलेला लॅपटॉप. तीन मित्रांनी वर्गणी काढून घेतलेला कंडेन्सर माइक, ज्याची मालकी गणपतीच्या मूर्तीसारखी सामुदायिक आहे. प, फ, ब, भ ही अक्षरं माइकवर फाडकन आपटतात म्हणून मध्ये जाळी लागते. ती आईच्या भरतकामाच्या रिंगवर जुनी ओढणी ताणून केलेली आहे. आणि चार बाजूंना पाच चादरी. सगळ्या डागी मालातल्या. एकीवरचा मोर अर्धाच विणला गेलाय, दुसरीवरचा ताजमहाल कलता आहे. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, कारण कंडेन्सर माइकला पंखा ऐकू येतो. वर पत्रा, चहूकडे चादरी, बाहेर त्रेचाळीस अंश. मे महिन्यात आमच्याकडचे रॅपर एवढे रागावलेले का वाटतात, यावर ज्यांना समाजशास्त्रीय निबंध लिहायचाय त्यांनी आधी त्या खोलीत दहा मिनिटं उभं राहावं.

रेकॉर्डिंगचा खरा शत्रू म्हणजे शहर. खाली माग, पलीकडे माग, गल्लीत भंगारवाला, त्याच्या मागोमाग 'चला, जुन्या साड्या, बोहारीण आली'. माग थांबतात पाळी बदलताना, पंधरा-वीस मिनिटं. सोलापूरच्या पूर्वभागात हिपहॉपची जी काही निर्मिती झालीय ती बहुतेक या पंधरा-वीस मिनिटांतली आहे. रॅपर खाली रस्त्यावर चपला घालून तयार असतो. माग थांबले की धावत जिने चढतो, धापा टाकतच सुरुवात करतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, काय तळमळ आहे पोरात!

त्या पंधरा मिनिटांतही पाणी येऊ शकतं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी आमचा नळ आपली शिस्त मोडत नाही. आणि पाणी आलं की बीटवाल्याची आई जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक देते, "पाणी आलंऽऽ!" ही हाक पाच चादरी, एक दार आणि दोन मजले सहज भेदते. मग व्यवस्थेविरुद्धचं बंड अर्ध्या ओळीत थांबवून रॅपर बादल्या उचलतो. त्याला दोन हात आहेत, माइक फक्त एकात असतो, असं त्या माउलींचं म्हणणं आहे.

एकदा ही हाक रेकॉर्ड झाली. वर्षभरातला सर्वांत चांगला टेक, आणि नेमक्या शेवटी "पाणी आलंऽऽ". पोरांनी डोक्याला हात लावला. मग बीटवाल्याला सुचलं. या धंद्यात प्रत्येक बीटवाल्याची एक हाळी असते, तिला टॅग म्हणतात. गाणं सुरू होताना दोन-चार शब्द कानावर पडतात आणि माल कुणाचा ते कळतं, चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणलेलं असतं तसं. अमेरिकेतले बीटवाले त्यासाठी कुणा बाईच्या मादक आवाजात आपलं नाव म्हणवून घेतात. यानं आईची हाक ठेवून दिली. आता याच्या प्रत्येक बीटच्या सुरुवातीला एक बाई जिवाच्या आकांतानं पाणी आल्याचं सांगते. मग ८०८ चा खर्ज सुरू होतो आणि माझी ताटं वाजतात.

या ८०८ विषयी मला कुतूहल होतं, कारण माझ्या घरात तो माझ्यापेक्षा जास्त वावरतो. ते जपानच्या रोलँड कंपनीचं १९८० सालचं ढोल वाजवणारं यंत्र. खऱ्या ढोलासारखं वाजत नाही म्हणून तेव्हा चाललं नाही, दोन-तीन वर्षांत बंद पडलं, दुकानांत मातीमोल झालं. ते मातीमोल यंत्र ज्यांना परवडलं त्या पोरांनी त्यावर हिपहॉप केलं. आता कंपनी तसलीच यंत्रं पुन्हा काढून विकते. बंद पडलेल्या मालाला असे दिवस येतात हे ऐकून कारखानदारांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. त्यांच्या खालच्या खोलीत गेल्या दिवाळीचे टॉवेल पडून होते.

कारखानदार आणि चिरंजीव यांच्यातलं व्यापारविषयक संभाषण मी गच्चीच्या कठड्यावरून पुष्कळदा ऐकलंय. एक नमुना देतो.

"हे मिनिटाला किती मारतं?"

"नव्वद, नाना. नव्वद बीपीएम."

"आपला माग शंभराच्या वर मारतो. तुझं प्रॉडक्शन कमी आहे."

"कमीच ठेवायचं असतं. बूम बॅप आहे."

"बरं, माल कितीला गेला?"

"दोन हजारला. लीजवर."

"लीजवर म्हणजे?"

"म्हणजे त्यानं वापरायची, पण मालकी माझीच. तीच बीट अजून आठ जणांना दिलीय."

इथे कारखानदार बराच वेळ गप्प होते. एक चादर नऊ जणांना विकायची, नऊच्या नऊ जणांनी ती एकाच वेळी पांघरायची आणि रात्री ती पुन्हा आपल्या गोडाउनात, असा धंदा त्यांच्या तीन पिढ्यांत कुणी केला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच पोराविषयी आदर दिसला. मग त्यांनी जातिवंत कारखानदाराचा प्रश्न विचारला, "मग उधारी किती अडकलीय?" नऊपैकी सात जण 'भावा, पगार झाला की टाकतो'वाले निघाले. त्यातल्या पाच जणांना नोकरीच नव्हती. तेव्हा कुठे त्यांना हा धंदा ओळखीचा वाटू लागला.

यूट्यूबचंही गणित त्यांनी समजावून घेतलं. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्राइबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी मिळून चार हजार तास तुमचं ऐकायला लागतं. त्यांनी भिंतीवर खडूनं हिशेब मांडला. चार हजार भागिले बारा. "तीनशे तेहतीस पाळ्या," ते म्हणाले. "वर्षाला सुट्ट्या धरून एक माणूस पुरतो की. एक कामगार ऐकायलाच लावू का?"

या पोरांच्या बाजारात 'टाइप बीट' नावाचा एक प्रकार आहे. प्रसिद्ध माणसाचं नाव घ्यायचं आणि पुढे टाइप लावायचं. अमुक टाइप बीट, तमुक टाइप बीट. म्हणजे माल माझा, पण वळण त्याचं. शोधणाऱ्याला सापडावा म्हणून पाटी त्याची. आमचा बीटवाला पत्र्याच्या खोलीत बसून 'न्यूयॉर्क टाइप', 'अटलांटा टाइप' अशा बीट करतो. कारखानदारांना यात अनैतिक काहीच वाटलं नाही, उलट डोळ्यांत पाणी आलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून वर्षं लोटली, तरी 'सोलापुरी' म्हणून विकली जाणारी चादर पुष्कळदा पानिपतची असते. आमच्या पिढीनं पानिपतला शिव्या देण्यात उमेद घालवली. "म्हणजे तिकडे सोलापूर टाइप चादर करतात," कारखानदार म्हणाले, "आणि तू इथे बसून त्यांच्या गावाचं करतोस. लेका, निदान सूड तरी नीट घे. पानिपत टाइप कर काहीतरी."

कारखानदारांकडे एक आजोबा येतात. उभा जन्म त्यांनी जॅकार्डची कार्डं पाडली. हे काम आता संगणकावर होतं म्हणून थोडं सांगायला हवं. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची. मग एकेक ओळ वाचत पुठ्ठ्याला भोकं पाडायची. मागावर तो पुठ्ठा आला की भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा दोरा उचलला जातो. भोक नसेल तिथे दोरा खालीच. असे शेकडो पुठ्ठे एकमेकांना ओवून माळ केली की मोर विणला जातो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ गावी जाकार नावाच्या गृहस्थानं हे जमवलं आणि पुढे आमच्या पेठांतल्या दोन-तीन पिढ्यांची पोटं त्यावर भरली.

आजोबा एकदा गुडघे धरत पत्र्याच्या खोलीपर्यंत चढले. लॅपटॉपवर बीटची जाळी उघडी होती. एका ओळीत सोळा घरं. घर पेटलं की ठोका, विझलं की शांतता. वरच्या ओळीत झांज, मधल्या ओळीत टाळी, खाली ढोल. आजोबांनी चष्मा वर केला, नाक पडद्याला लागेल इतकं वाकून डावीकडून उजवीकडे वाचत गेले आणि म्हणाले, "हे आपलं कार्डच आहे की बे. पुठ्ठा कुठाय?"

पुठ्ठा नसतो हे त्यांना पटलं. चुकलं तर काय करता, असं त्यांनी विचारलं. बीटवाल्यानं दोन बटणं दाबून चूक नाहीशी करून दाखवली. आजोबा काही बोलले नाहीत. चुकीच्या भोकांवर कागदाची चकती चिकटवण्यात त्यांच्या आयुष्याची किती वर्षं गेली असतील, कोण जाणे. पण त्यांची नजर पुन्हा पडद्यावर गेली आणि बोट एका घरावर टेकलं. "हे सरकलंय. मधल्या ओळीत बुट्टा सरकलाय तुझा."

"मुद्दाम सरकवलंय आजोबा. त्याला स्विंग म्हणतात."

"आम्ही डाग म्हणायचो," आजोबा म्हणाले. "असला माल सेकंडात काढायचो."

पोरानं मग त्यांना डेट्रॉइटच्या जे डिलाची गोष्ट सांगितली. त्यानं ठोके आपल्या बोटांनी असेच किंचित पुढेमागे ठेवले, यंत्राला सरळ करू दिले नाहीत. २००६ साली तो गेला आणि त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात काचेआड आहे. आजोबा जिना उतरताना पुटपुटत होते, आमचे डागी तुकडे एवढे पडलेत, कुणी संग्रहालयवाला ओळखीचा आहे का बघ.

बीटवाल्याच्या बीटवर तोंड चालवणारा मुख्य रॅपर मात्र आमच्या पेठेतला नाही. तो जुळे सोलापूरचा. आई शाळेत शिक्षिका, वडील सरकारी नोकरीत, घर स्वतःचं, दारात अशोकाची झाडं. या मुलाचं दुःख असं की त्याला दुःख नाही. हिपहॉपमध्ये स्ट्रगल लागतो. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी यांनी मुंबईच्या गल्ल्यांतून आवाज काढला, २०१९ मध्ये 'गली बॉय' सिनेमा आला, पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकून बसला. सगळीकडे गल्ली, गरिबी, गटार. याच्याकडे यातलं काही नाही. सातवा वेतन आयोग आहे. पहिल्या गाण्यात त्यानं आपण फूटपाथवर वाढल्याचं सांगितलं, तर आईनं ते ऐकून आठवडाभर अबोला धरला. दुसऱ्यात बापानं साथ सोडल्याचा उल्लेख होता. तो व्हिडिओ वडिलांनीच स्वतःच्या मोबाइलवर शूट करून दिला होता.

शेवटी त्याला खरं दुःख सापडलं: तोच नळ. पाण्यावरचं त्याचं गाणं खरोखर चांगलं आहे, कारण त्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतः उचललेल्या बादल्या आहेत. हिपहॉपसाठी खडतर भूतकाळ लागत नाही असं मी त्याला सांगितलंही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कनं जी पार्टी वाजवली आणि जिथून हे सगळं सुरू झालं असं मानतात, ती पार्टी त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं भरवली होती. कशासाठी? शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. हिपहॉपचा जन्मच कापडखरेदीच्या निमित्तानं झालेला आहे. त्या हिशेबानं ते सोलापूरला यायला एवढा उशीर का झाला, हेच नवल.

नावांचंही सांगायला हवं. इकडचा नवा रॅपर नावात तेरा घालतो, कारण गाड्यांची पाटी एमएच-तेरा. ज्याला तेरा मिळत नाही तो पिनकोडातला चारशे तेरा घेतो. अकलूजला आरटीओचं वेगळं कार्यालय झालं आणि तिकडच्या गाड्यांना पंचेचाळीस नंबर मिळाला. तेव्हापासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तेरा विरुद्ध पंचेचाळीस असा हाडवैराचा विषय आयता तयार आहे. पुरात दोन्हीकडचा ऊस बुडतो, ती गोष्ट वेगळी.

व्हिडिओ कुठे काढतात तेही ठरलेलं. भुईकोट किल्ल्याचा बुरूज, सिद्धेश्वर तलावाचा काठ, बंद गिरणीची भिंत, आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की आकाशपाळणा. एक उसनी बुलेट, जिच्यात पेट्रोल आपण टाकायचं. मागे पाच मित्र काळे चष्मे लावून उभे राहतात आणि हात वरखाली करत राहतात. विमानतळासाठी साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा गावात दोन तट होते. रॅपरांचा तिसरा तट होता. बॅकग्राउंड गेलं म्हणून.

भाषेचा प्रश्न सगळ्यांत गमतीचा. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी नांदतात, पण वेगवेगळ्या घरांत नव्हे, एकाच वाक्यात. "एम रा, कुठं निघालास बे, बारो, इधर बैठ की!" हे एक सरळ साधं सोलापुरी वाक्य आहे. असं बोलणारा मुलगा माइकपुढे उभा राहिला की मात्र एकदम मुंबईच्या हिंदीत शिरतो, कारण व्ह्यूज तिकडे असतात. घरात आईशी तेलुगू, कॉलेजात मराठी, नळावर दखनी आणि गाण्यात कुणा भलत्याच शहरातल्या गल्लीतली शिवी. अलीकडे यात फरक पडतोय. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्याकडचीच बोली घेऊन हिंदी टीव्हीवर रॅप करून आला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं आणि परदेशातल्या नाचघरांत वाजलं. त्यानंतर आमच्या पोरांना साक्षात्कार झाला की आपल्यालाही मराठी येतं.

मराठीत रॅप करायचा तर क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं. त्यामुळे सगळ्या ओळी 'आहे'ला 'आहे' लावून जुळतात आणि चार ओळींत कंटाळा येतो. 'चादर'ला 'आदर', 'सादर', 'फादर', 'मदर' ही यमकं पहिल्या आठवड्यातच संपली. मग एकानं मराठी ओळीला तेलुगू ओळीचं यमक लावलं. तेलुगूत जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, त्यामुळे माल मुबलक. त्यात कानडी आजीनं दोन शब्द घातले, नळावरची दखनी होतीच. असं ते चौभाषी गाणं गल्लीत भलतंच चाललं, आणि गल्लीबाहेर कुणाला एक चतुर्थांशाहून जास्त कळलं नाही.

'ही आपली संस्कृती नव्हे' असं आमचे एक ज्येष्ठ नागरिक यावर म्हणाले. मला राहवलं नाही. पेशवाईच्या अखेरीला याच सोलापुरात वेदशास्त्रसंपन्न घरातला एक मुलगा अभ्यास सोडून तमाशाच्या फडात जाऊन बसला, घरच्यांनी बाहेर काढला, पंढरपुरी जाऊन शिकून आला आणि पुन्हा डफावरच उभा राहिला. रामजोशी. संस्कृत आणि मराठीची अशी मिसळ करायचा, आणि शब्दांचे असे पेच टाकायचा की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नसायची. शांतारामबापूंच्या राजकमलनं १९४७ साली त्याच्यावर सिनेमा काढला तेव्हा तो एकदम संस्कृती झाला. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर रात्र रात्र एकमेकांना कूट घालून अडवायचे. पोरं त्याला आता बॅटल म्हणतात आणि दहा मिनिटांत आटोपतात, कारण हॉलचं भाडं तासावर असतं. आणि बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, मोटारीवरचा क्लीनर, गिरणीतला कामगार, शाहीर अमर शेख झाला तो ऑटोट्यूनशिवाय.

ऑटोट्यून म्हणजे गायकाचा सूर ओढून जागेवर बसवणारं सॉफ्टवेअर. अँडी हिल्डब्रँड या माणसानं ते १९९७ मध्ये बाजारात आणलं. त्याआधी तो ध्वनिलहरींवरून जमिनीखाली तेल कुठे आहे ते शोधायच्या कामात होता. आमच्या रॅपरच्या गळ्यावर ते लावून पाहिलं. करमाळ्यात तेल सापडायची शक्यता अजून जास्त आहे.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पोवाडा आहे, लावणी आहे, मूकनाट्य आहे, पाश्चात्य गायन आहे. रॅप कुठे बसवायचा? एका कॉलेजनं पाश्चात्य गायनात पाठवला, दुसऱ्यानं काव्यवाचनात. दोन्ही ठिकाणी पडला. तिसऱ्यानं सरळ पोवाड्यात घुसवला, डोक्याला फेटा बांधून. सुरुवातीला 'जी जी रं जी' होतं म्हणून परीक्षकांना शेवटपर्यंत संशय आला नाही. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

मग झाली डिसची भानगड. डिस म्हणजे गाण्यातून जाहीर पाणउतारा. एका उधारीवरून जुळे सोलापूर आणि बीटवाला यांचं वाजलं. रॅपरनं इन्स्टाग्रामवर जाहीर केलं की रविवारी तो बीटवाल्याची लायकी काढणार. सगळ्या कॉलेजात चर्चा. पण गावात त्या दर्जाचा माइक एकच होता, आणि तो बीटवाल्याच्या खोलीत होता. वर्गणीत रॅपरचाही तिसरा हिस्सा असल्यामुळे त्याला अडवता येईना. रविवारी पाळी सुटली तशी तो जिने चढून आला. बीटवाल्यानं मुकाट्यानं लेव्हल लावली. रॅपरनं त्याच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. तिसऱ्या पिढीशी बीटवाल्यानं हात वर केला. "माइकपासून लांब हो बे, फाटतोय आवाज. परत घे." परत घेतला. आईनं मध्येच चहा आणि शेंगापोळी आणून दिली, म्हणून चौथी पिढी खाऊन झाल्यावर. शेवटी मिक्सिंगही बीटवाल्यानंच केलं. त्याच्यावरची सर्वांत झोंबणारी ओळ नीट ऐकू येत नव्हती, ती त्यानं स्वतः वर उचलली. वाईट काम हातून जाऊ द्यायचं नाही, एवढं वडिलांचं वळण आहे.

गाणं जोरात गेलं. हरियाणातल्या एका रॅपरनं तीच बीट विकत मागितली, लीजवर नको, कायमची, रोख. पत्ता विचारला तर पानिपत. कारखानदारांनी व्यवहाराची सूत्रं लगेच स्वतःच्या हाती घेतली आणि बीटवाल्यानं मनात धरलेल्या भावाच्या तिप्पट भाव सांगितला. पानिपतवाल्यानं तो देऊन टाकला, तर यांनी वर जीएसटीही मागितला.

याच गाण्यानं पुढे गोंधळ केला. गणपतीत आमच्या मंडळाच्या पोरांनी लेझीम उरकल्यावर ते मोठ्या स्पीकरवर लावलं. पहिलाच शब्द, "पाणी आलंऽऽ!" अख्ख्या गल्लीची दारं उघडली. बायका हंडे-कळशा घेऊन बाहेर आल्या, कुणी वरच्या टाकीची मोटार सुरू केली, कुणी शेजारणीला फोन लावला. नळ कोरडे. पोरांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, तर ज्या आत गेल्या होत्या त्याही परत बाहेर. दोन मोटारी रिकाम्या फिरून जळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शिष्टमंडळ. तुमच्या बाईंचा आवाज आहे, नुकसानभरपाई तुम्ही द्या.

बीटवाला टॅग बदलायला तयार होईना. ब्रँड आहे म्हणाला. आई म्हणाली, माझा आवाज आहे, मला विचारलं होतंस का? रॉयल्टीचा मुद्दा निघतोय असं दिसल्यावर कारखानदार मध्ये पडले. शिष्टमंडळाला बसवलं, चहा सांगितला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात पाण्याच्या दिवसांवर केलेल्या खुणा दाखवत तोडगा काढला. "टॅग राहू द्या. गाणं फक्त या तारखांना लावा."

शिष्टमंडळातल्या एका मावशींनी कॅलेंडर जवळ ओढून पाहिलं. "मालक, या खुणा गेल्या महिन्यातल्या आहेत. आता दिवस बदलले की."